विकत घेतलेल्या गेमची बॅकअप कॉपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरच्या खोक्यात माझ्या ४३ गेम-सीडी होत्या. १९९८ ते २००८ या दहा वर्षांत पैसे साठवून एकेक करून घेतलेल्या. मधे दोन पावसाळे तो खोका उघडला नव्हता. उघडला तेव्हा सात सीडी वाचल्याच जाईनात. त्यातली एक ट्यूबलाइटसमोर धरली, तर चकचकीत थरातून टाचणीच्या टोकाएवढे चार-पाच ठिपके आरपार उजळले. तिथला ॲल्युमिनियमचा थर गेला होता. थर नसला की लेसर परतून येत नाही आणि त्या जागेवरचं काहीच वाचता येत नाही. उरलेल्या ३६ सीडींच्या कॉपी मी त्याच आठवड्यात काढायला घेतल्या. तेव्हापासून ओळखीचे लोक मला जे विचारत आले, ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. मी वकील नाही. कायद्याची कलमं स्वतः वाचून लिहिलं आहे. नोटीस वगैरे आली असेल तर मात्र वकीलच गाठा.

स्वतःच्या गेमची बॅकअप कॉपी काढणं भारतात कायदेशीर आहे का?

हो. लोकांना वाटतं त्यापेक्षा आपला कायदा या बाबतीत बराच मोकळा आहे.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये कोणकोणत्या गोष्टींना कॉपीराइटचा भंग म्हणायचं नाही, याची लांबलचक यादी आहे. १९९४ च्या दुरुस्तीने तिथे ५२ (१) (एए) हे उपकलम आलं. कॉम्प्युटर प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे, त्याने ती हरवू नये, नष्ट होऊ नये, खराब होऊ नये म्हणून तात्पुरतं संरक्षण म्हणून त्याच प्रतीवरून बॅकअप काढला तर तो भंग नाही, असं त्यात सांगितलं आहे. वापर मात्र ज्या कामासाठी प्रोग्रॅम दिला होता त्याच कामासाठी व्हायला हवा. पुढे १९९९ च्या दुरुस्तीने ५२ (१) (एडी) आलं आणि दार आणखी उघडलं: स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून, बिगर-व्यापारी वैयक्तिक वापरासाठी प्रोग्रॅमची कॉपी काढायला किंवा त्यात फेरफार करायलाही मुभा मिळाली.

यात तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. प्रत तुमची, कॉपी त्याच प्रतीवरून, आणि वापर तुमचाच. बहुतेक प्रश्नांची उत्तरं या तिन्हींतूनच निघतात.

हे कलम कॉम्प्युटरच्या गेमपुरतंच आहे, की प्लेस्टेशनसारख्या कन्सोललाही लागू होतं?

कायद्यातली ‘कॉम्प्युटर’ची व्याख्या रुंद आहे. माहितीवर प्रक्रिया करू शकणारं कुठलंही इलेक्ट्रॉनिक किंवा तत्सम यंत्र तिच्यात बसतं. म्हणजे कन्सोलही बसतो आणि हातातला मोबाइलही.

पण गेममध्ये संगीत असतं, चित्रं असतात, व्हिडिओ असतात. ते तर प्रोग्रॅम नाहीत ना?

प्रश्न अगदी रास्त आहे. एए आणि एडी ही दोन्ही उपकलमं फक्त प्रोग्रॅमबद्दल बोलतात. बाकीच्या कलाकृतींसाठी ५२ (१) (ए) आहे: प्रोग्रॅम सोडून इतर कुठल्याही कृतीचा खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी वाजवी वापर चालतो. २०१२ च्या दुरुस्तीने त्याला एक स्पष्टीकरण जोडलं, की या हेतूंसाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणं हाही भंग नाही. ही दोन्ही कलमं शेजारी ठेवून वाचली, की माझ्या मते पूर्ण गेमची घरगुती कॉपी त्यांच्या छत्राखाली येते.

सीडीवर कॉपी प्रोटेक्शन, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप, असेल तर? ते तोडणं गुन्हा आहे ना?

इथे ‘गुन्हा कधी’ हे नीट वाचायला हवं. २०१२ साली ६५ए हे कलम आलं. हक्कांच्या रक्षणासाठी लावलेला तांत्रिक अडसर, ते हक्क मोडण्याच्या इराद्याने जो चुकवेल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सगळा भार ‘इराद्याने’ या शब्दावर आहे. शिवाय त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात, कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कामासाठी हे केलं तर कलम आड येत नाही, अशी सूट आहे. स्वतःच्या सीडीचा बॅकअप हे काम कायद्याने मनाई केलेलं नाही. उलट त्याला परवानगीच आहे.

दुसऱ्याला यात मदत करणाऱ्यावर मात्र एक जबाबदारी आहे. ज्याला मदत केली त्याचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि कामाचा हेतू, याची पूर्ण नोंद त्याने ठेवायची असते. गल्लीतल्या दुकानदाराला ‘एवढं करून द्या’ म्हणण्याआधी हे डोक्यात असू द्या. एक्स्टर्नल डीव्हीडी ड्राइव्ह विकत किंवा मित्राकडून उसना घेऊन हे काम घरीच करता येतं, आणि तेच बरं.

ओरिजिनल सीडी माझ्याकडे आहे, पण ती चालत नाही. तोच गेम नेटवरून उतरवला तर?

हा मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न. उत्तर ऐकून लोक नाराज होतात. कायद्याचे शब्द ‘त्या प्रतीवरून’ असे आहेत. तुम्ही उतरवलेली फाइल तुमच्या सीडीवरून निघालेली नसते, कुणा तिसऱ्याच्या सीडीवरून निघालेली असते, आणि ती नेटवर ठेवणाऱ्याला ठेवायची परवानगी नसते. तुमच्याकडे पावती असली तरी ती तुमच्या सीडीची आहे, त्या फाइलची नाही. टोरंटने उतरवत असाल तर तुम्ही ती त्याच वेळी इतरांना वाटतही असता, आणि मग ‘वैयक्तिक वापर’ हा शब्दच गळून पडतो.

नैतिक बाजूने मला या माणसाबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. पैसे मोजलेत, वस्तू निकामी झाली, दुकानात नवी मिळत नाही. म्हणूनच माझा आग्रह असतो, की सीडी चालते आहे तोवरच कॉपी काढा. चालेनाशी झाली की कायद्याने दिलेला हक्क कागदावर राहतो आणि तो वापरायची वाट बंद होते.

लहानपणीच्या टीव्ही गेमच्या कॅसेट आहेत, आणि रस्त्यावर घेतलेल्या सीडीही. त्यांची कॉपी?

रस्त्यावर शंभर-दीडशेला मिळणाऱ्या, मार्करने नाव लिहिलेल्या सीडी मुळातच पायरेटेड. त्यांच्यावरून काढलेली कॉपीही तशीच. ‘एकात हजारो गेम’ लिहिलेल्या पिवळ्या कॅसेटींचंही बहुतेक तेच. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्यासाठी ६३बी हे स्वतंत्र कलमच आहे: किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कोर्ट विशेष कारण नोंदवून कैद माफ करू शकतं आणि ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं. आपल्यापैकी बहुतेकांचं बालपण त्याच कॅसेटींवर गेलं आणि त्यांच्याबद्दलची माया खरी आहे. पण त्या मायेने प्रत कायदेशीर होत नाही.

इन्स्टॉल करताना ‘आय ॲग्री’ दाबलं होतं. त्या करारात कॉपी काढायची नाही असं लिहिलं असेल तर?

करार मोडणं आणि कॉपीराइटचा भंग या दोन वेगळ्या गोष्टी. कलम ५२ मुळे दुसरी टळते. पहिलीबद्दल आपला कायदा गप्प आहे. युरोपात तसं नाही. त्यांच्या सॉफ्टवेअरविषयक निर्देशात, १९९१ च्या मूळ मजकुरात आणि २००९ च्या सुधारित मजकुरातही, स्पष्ट लिहिलं आहे की प्रोग्रॅम वापरण्यासाठी आवश्यक असलेली बॅकअप कॉपी काढण्यापासून कायदेशीर वापरकर्त्याला कराराने रोखता येणार नाही. असं एक वाक्य आपल्याकडेही यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मूळ सीडी विकली किंवा मावसभावाला दिली, तर माझ्याकडची कॉपी?

पुसून टाका, किंवा सीडीबरोबरच देऊन टाका. प्रत दुसऱ्याकडे गेली की तुम्ही तिचे कायदेशीर धारक उरत नाही. उलट बाजू, म्हणजे मूळ सीडी खराब झाल्यावर बॅकअप विकणं, हीसुद्धा चालत नाही. युरोपियन न्यायालयाने २०१६ मध्ये लॅटव्हियातल्या एका प्रकरणात हेच सांगितलं: मूळ माध्यम नष्ट झालं असलं, तरी हक्कधारकाच्या परवानगीशिवाय बॅकअप कॉपी विकता येत नाही.

मी आता अमेरिकेत राहतो. सीडी पुण्याहून आणल्या आहेत.

मग तिथला कायदा बघा, इथला नव्हे. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ११७ प्रोग्रॅमची राखीव प्रत काढू देतं, पण १९९८ च्या डीएमसीए कायद्याने कॉपी प्रोटेक्शन चुकवण्यावर वेगळीच बंदी घातली. आपल्या ६५ए सारखी ‘हक्क मोडण्याच्या इराद्याने’ ही अट त्या बंदीला नाही. साध्या, प्रोटेक्शन नसलेल्या सीडीची कॉपी काढायला तिथेही अडचण नसते. कुलूप असलेल्या सीडीची मात्र असते. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यातलं ५०ए कलम आवश्यक बॅकअपला परवानगी देतं.

कॉपी नेमकी काढायची कशी?

आधी सीडी बघा. खालच्या, म्हणजे लेसर पडतो त्या बाजूचे ओरखडे दिसायला भयंकर असतात, पण ते जाड प्लास्टिकवर असतात आणि बरेचदा निभावून जातं. लेबलच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. सीडीत डेटाचा थर लेबलच्या अगदी खाली असतो आणि त्यावर लाखेचा पातळ लेप तेवढा. म्हणून लेबलवर बॉलपेनने नाव लिहू नका. पुसायची असेल तर मऊ सुती फडक्याने, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसलं तर चरा ट्रॅकच्या दिशेनेच पडतो, आणि तो चुकवणं ड्राइव्हला अवघड जातं. पांढरट बुरशी दिसत असेल, जी मुंबईत आणि कोकणात दिसतेच, तर पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून धुवा, पूर्ण वाळू द्या, मगच ड्राइव्हमध्ये घाला.

मग सीडीची इमेज काढा. फाइली निवडून फोल्डरमध्ये कॉपी-पेस्ट करणं म्हणजे बॅकअप नव्हे. इमेज म्हणजे अख्खी सीडी जशीच्या तशी एका फाइलमध्ये. नुसता डेटा असलेल्या सीडीला आयएसओ फाइल पुरते. पण १९९० च्या दशकातल्या पुष्कळ गेममध्ये पहिला ट्रॅक डेटाचा आणि पुढचे सगळे ऑडिओचे असतात. १९९६ चा ‘क्वेक’ हे ठळक उदाहरण: ती सीडी म्युझिक प्लेअरमध्ये घातली तर संगीत वाजतं. अशा सीडीची आयएसओ काढलीत, तर गेम चालेल पण संगीताशिवाय. तिथे बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी लागते. बिनमध्ये सगळा कच्चा डेटा, क्यूमध्ये कुठला ट्रॅक कुठून सुरू होतो याची नोंद. क्यू फाइल पुसू नका, ती दोन-चार ओळींचीच असली तरी.

विंडोजवर इमेजबर्न हे जुनं, फुकट सॉफ्टवेअर दोन्ही प्रकार काढतं. लिनक्सवर डीडी आणि सीडीआरडीएओ. वेग कमी ठेवा. जुनी सीडी कमाल वेगावर थरथरते आणि वाचनात चुका होतात. इमेज झाली की सेव्हन-झिपमधून तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा, काढून टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. पाच वर्षांनी फाइल तीच आहे की सडली, हे त्या एका ओळीवरून कळतं. आणि शेवटी, त्या इमेजवरून गेम एकदा प्रत्यक्ष इन्स्टॉल करून बघा. आयएसओ फाइल विंडोज ८ पासून पुढे डबल-क्लिकने उघडते. बिन-क्यूसाठी विनसीडीइम्यूसारखा व्हर्च्युअल ड्राइव्ह, म्हणजे इमेज खरी सीडी असल्यासारखी दाखवणारं सॉफ्टवेअर, लागतो.

सीडी मधेच अडकते. रीड एरर येतो. सोडून द्यायची का?

नाही. इथे डीडीरेस्क्यू हे लिनक्सवरचं साधन वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागा एका मॅप फाइलमध्ये नोंदवतं आणि मग त्या जागांवर परत परत जातं. मॅप फाइल असल्यामुळे तुम्ही थांबून दुसरा ड्राइव्ह लावू शकता. काम जिथे राहिलं तिथूनच पुढे सुरू होतं.

माझ्या वाचता न येणाऱ्या सात सीडींपैकी एक याच मार्गाने परत आली. पहिल्या ड्राइव्हवर ११ सेक्टर अडले होते. एका सेक्टरमध्ये २,०४८ बाइट, म्हणजे सगळे मिळून जेमतेम २२ केबी. तेवढ्यासाठी ६०० एमबीचा गेम इन्स्टॉल होत नव्हता. शेजाऱ्यांच्या जुन्या लॅपटॉपच्या ड्राइव्हवर आठ निघाले, तीन उरले. रात्री तसंच चालू ठेवून झोपलो. पहाटे पाचला पाणी आलं म्हणून उठलो, तर स्क्रीनवर राहिलेल्या चुकांसमोर शून्य होतं. बाकी सहा सीडी कशानेच आल्या नाहीत.

इमेज नीट निघाली, पण गेम म्हणतो ‘ओरिजिनल सीडी घाला’.

सेफडिस्क, सेक्युरॉम, स्टारफोर्स यांपैकी काहीतरी असेल. ही प्रोटेक्शन सीडीच्या अशा गोष्टी तपासतात ज्या साध्या इमेजमध्ये उतरत नाहीत: मुद्दाम केलेले खराब सेक्टर, किंवा डेटा सीडीवर प्रत्यक्ष कुठे आहे याचं मोजमाप.

यातली खरी शोकांतिका अशी, की आता ओरिजिनल सीडी घालूनही हे गेम चालत नाहीत. सेफडिस्कला विंडोजमध्ये एक ड्रायव्हर लागायचा. त्यात सुरक्षेचं भोक होतं, म्हणून सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने मायक्रोसॉफ्टने तो जुन्या विंडोजमध्ये बंद केला, आणि विंडोज १० मध्ये तो दिलाच नाही. पायरसी करणाऱ्याला या कुलपाचा त्रास झाला नाही. किल्ली विकत घेतलेला माणूस मात्र बाहेर राहिला.

उपाय आहेत. पहिला, प्रकाशकाचा शेवटचा अधिकृत पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, शोधा. काहींनी पुढे सीडीची अट स्वतःच काढली. ब्लिझार्डने २००८ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’ आणि ‘डायब्लो २’ साठी तसे पॅच दिले. दुसरा, तोच गेम जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर आहे का बघा. तिथे प्रोटेक्शनशिवाय मिळतो, सेलमध्ये बऱ्याचदा स्वस्तात. तिसरा, विंडोज एक्सपीचा जुना पीसी नेटला न जोडता ठेवून द्या. अनोळखी साइटवरचे ‘नो-सीडी क्रॅक’, म्हणजे सीडीची तपासणी काढून टाकलेल्या फाइली, मी सुचवत नाही. त्यात व्हायरस घालून देणं हा जुना धंदा आहे.

सीडीखेरीज आणखी काय जपायचं?

सीडी-की, म्हणजे इन्स्टॉल करताना टाकायचा कोड. बहुधा डबीच्या मागे स्टिकरवर असते आणि डबीच आधी फुटते. आजच फोटो काढा. मग मॅन्युअल. १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या डॉस आवृत्तीत पहिली पातळी संपली की एका दालनात अक्षरं लिहिलेल्या बाटल्या असतात, आणि मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर असलेली बाटली प्यायची असते. पुस्तिका नसेल तर गेम तिथेच संपला. म्हणजे प्रोटेक्शन कागदावर होतं, आणि कागदाचाही बॅकअप लागतो. पॅचच्या फाइली आणि तुमचे सेव्ह गेमही घ्या. गेम पुन्हा मिळू शकेल, पण दहावीच्या सुट्टीत रात्री जागून उभं केलेलं साम्राज्य पुन्हा मिळणार नाही.

कॉपी ठेवायच्या कशावर?

दोन वेगळ्या हार्डडिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. पेनड्राइव्हवर वर्षानुवर्षं विसंबू नका. एसएसडीही वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नाही. नव्या सीडीवर राइट करून ठेवणार असाल, तर घरी राइट केलेली सीडी छापील सीडीपेक्षा लवकर जाते हे जाणून करा. तिच्यातला रंगाचा थर उजेडाने आणि उष्णतेने फिका पडतो. मूळ सीडी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि माळ्यावर नको.

स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमचं काय?

तिथे तुम्ही गेम विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेता. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून हे खरेदीच्या वेळीच ग्राहकाला स्पष्ट सांगणं कायद्याने बंधनकारक झालं आहे. स्टीममध्ये गेमच्या फाइलींचा बॅकअप काढायची सोय आहे आणि ती उपयोगी आहे: शंभर जीबीचा गेम पुण्यात उतरवून हार्डडिस्कवरून गावी नेता येतो, जिथे तो उतरवायला आठवडा लागला असता. पण तो परत बसवायला स्टीम आणि तुमचं खातं लागतंच. खातं गेलं तर ती फाइल कामाची नाही. त्यामुळे तो डाउनलोडचा वेळ वाचवणारा बॅकअप आहे, गेम वाचवणारा नव्हे. जीओजीचे ऑफलाइन इन्स्टॉलर मात्र उतरवून ठेवले की ते खरंच तुमच्याजवळ राहतात.

आणि सर्व्हरच बंद झाला तर?

तर बॅकअपचा काही उपयोग नाही. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, आणि ज्यांच्याकडे त्याची डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईना. त्यातूनच, विकलेले गेम कंपन्यांनी असे निकामी करू नयेत म्हणून, ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. युरोपात तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे.

कंपनी बुडाली, गेम कुठेच विकत मिळत नाही. तो आता सगळ्यांचा झाला ना?

नाही. आपल्याकडे प्रोग्रॅम हा साहित्यकृतीत धरला जातो, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत कॉपीराइट राहतो. कंपनी बुडाली तरी हक्क कुणाच्या तरी नावावर असतातच. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिलं, की तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत.

ग्रंथालयांनी ते जपावेत, असं कुणालाही वाटेल. पण आपल्या कलम ५२ (१) (एन) मध्ये सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक साठवणूक करता येते ती त्याच्याकडे कृतीची ‘बिगर-डिजिटल’ प्रत असेल तेव्हाच. गेमची सीडी मुळात डिजिटल. म्हणजे दिवाळी अंक स्कॅन करून जपायला या कलमाचा आधार आहे आणि त्याच काळातल्या मराठी शैक्षणिक सीडीला नाही. ही फट बुजवली जात नाही तोवर जतनाचं काम घराघरांतल्या खोक्यांवरच अवलंबून आहे.

खोकं मोठं आहे. सुरुवात कुठून करू?

फ्लॉपीपासून. १.४४ एमबीच्या त्या चौकोनात बुरशी सगळ्यात आधी शिरते, आणि यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह अजून मिळतो. सरकती पत्र्याची पट्टी बाजूला करून आतल्या काळ्या चकतीवर डाग दिसतो का ते आधी बघा. डागाची फ्लॉपी ड्राइव्हचं हेडही खराब करते, म्हणून ती शेवटी. त्यानंतर घरी राइट केलेल्या सीडी, मग छापील सीडी, आणि शेवटी डीव्हीडी. एका बैठकीत चार-पाच होतात.